उजेडाच्या बाजूची रेघ

१

लॅबमधून लवकर सुटलो की दुपारी मी प्राणी दुरुस्त करतो. खरेखुरे नव्हेत, माझ्या भाचीचे.

पोटापाण्याचं काम दातांचं. दवाखान्यांतून साचे येतात, त्यांवरून मी कवळ्या आणि कॅप बनवतो. खरा दात कधीच एकसारखा पांढरा नसतो. मुळाशी पिवळसर, मध्ये दुधाळ, आणि टोकाला जिथे उजेड पडतो तिथे जवळजवळ नसल्यासारखा. नवशिका कारागीर ती कड ठळक करून ठेवतो आणि दात लांबूनही खोटा दिसतो. कड सोडून देता आली पाहिजे. मला हे कुणी शिकवलं नाही, दात बघून बघून आलं.

तेच पुढे प्राण्यांना उपयोगी पडलं. माझी भाची, भिंगरी, आणि तिची मित्रमंडळी फावल्या वेळात एक गेम बनवतात. लहानपणी ज्या खेळावर ती सगळी जीव टाकायची, त्याच धर्तीचा. रानोमाळ हिंडायचं, अजब प्राणी पकडायचे, पाळायचे, झुंजवायचे. फक्त यातले प्राणी सगळे यांच्या डोक्यातले. विकायचा नाही, काही नाही, निव्वळ हौस. चित्रं पिक्सेलची, म्हणजे आलेखाच्या कागदावर एकेक चौकोन रंगवावा तशी. भिंगरी प्राणी काढून पाठवते आणि मी टॅबलेट घेऊन त्यांच्यावर हात फिरवतो. कंदीलगोम, खिसेकासव, ओल्या उशीसारखी दिसणारी भिजकी. भिजकीच्या पोटावरची चमक मला चांगली साधली होती, असं मीच म्हणतो.

नव्या माणसाने काढलेल्या प्राण्याभोवती सलग काळी रेघ असते. त्यामुळे तो कात्रीने कापून चिकटवल्यासारखा दिसतो. त्यांच्या गेममध्ये उजेड नेहमी डावीकडून, वरून येतो असं ठरलेलं आहे. म्हणून मी पहिल्यांदा त्या बाजूची रेघ तोडतो. काळे चौकोन काढायचे, त्या जागी अंगाचाच फिका रंग भरायचा, आणि एकदोन ठिकाणी तोही नाही. एवढं केलं की प्राणी कागदावरून सुटतो. भिंगरीच्या ग्रुपमध्ये याला म्हणतात, ‘मामाने दार उघडलं.’ नवा प्राणी आला की कुणीतरी विचारणारच, ‘याचं दार उघडलं का मामांनी?’

मला ते ऐकायला आवडायचं.

२

घरात आम्ही दोघं, मी आणि ताई. ताई म्हणजे भिंगरीची आई. मेहुणे गेल्यावर ती लहानग्या भिंगरीला घेऊन माझ्याकडे आली आणि इथलीच झाली. दोन खोल्या, एक लांबट बैठकीची खोली, वर गच्ची. बैठकीत माझं टेबल मागच्या भिंतीला. त्याच्या पुढे, खिडकीच्या कडेला, ताईची वेताची खुर्ची. टेबलाशी बसलं की मला ताईची पाठ दिसते आणि तिच्या डाव्या अंगावर पडलेला खिडकीतला उजेड. वर्षानुवर्षं हेच चित्र आहे. ती काहीतरी निवडत किंवा सोलत बसते, मध्येच बोलते, उत्तराची वाट बघत नाही.

भिंगरी शिकायला म्हणून गेली ती परत या घरात आली नाही. भांडण नाही, राग नाही. ताई तिच्याकडे जाते, आम्ही तिघं बाहेर कुठेतरी जेवतो, फोनवर तासन् तास बोलतो. घरी ये म्हटलं की मात्र तिला काहीतरी काम निघतं. लहान असताना ती बैठकीच्या खोलीतून भिंतीला पाठ लावून सरकत जायची. आम्ही हसायचो. ‘आली खेकडी,’ असं ताई म्हणायची.

ताई हे दुःख बोलून दाखवत नाही. पण भिंगरीच्या पलंगावरची चादर ती दर आठवड्याला बदलते.

आणि त्या सोमवारी भिंगरीचा निरोप आला. सोबत एक प्राणी होता. नावाच्या जागी काहीच नव्हतं.

‘मामा, याचं दार उघडू नकोस. सुधारू नकोस, ग्रुपमध्येही टाकू नकोस. नुसतं तुझ्याकडे असू दे. हे काढून संपवलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा वाटलं की घरी यावं. रविवारी येते. आईला सांग.’

ताईला वाचून दाखवलं. तिने माझ्या हातून फोन घेतला, लांब धरला, जवळ धरला, आणि परत दिला. मग म्हणाली, “गादी उन्हात टाकायला हवी.”

३

प्राणी पाठमोरा होता. गेममध्ये प्रत्येक प्राण्याची दोन चित्रं लागतात. समोरच्याचा असला तर तोंडाकडून, आपला असला तर पाठीकडून, कारण आपण त्याच्या मागे उभे असतो. भिंगरीने पाठीकडचं एकच चित्र पाठवलं होतं.

बसलेला होता, पण खाली काहीच नव्हतं. गुडघे पुढे, कोपर बाजूला, हात मांडीत असावेत. डोकं सरळ. अंगाला राखाडीच्या दोनतीन छटा, त्याही मातकट. आणि भोवती रेघ. इतकी जाड रेघ भिंगरी कधीच काढत नाही. काळ्या चौकोनांची एक ओळ, तिला चिकटून बाहेरून आणखी एक ओळ. कोपऱ्याकोपऱ्यात, जिथे चौकोन नुसते टोकाला टोक लावून असतात तिथे, तिने आणखी एकेक चौकोन भरला होता. फट म्हणून कुठे ठेवली नव्हती.

आता निरोपाबद्दल. भिंगरी प्रत्येक वेळी असंच काहीतरी म्हणते. ‘मामा, कासवाला फार हात लावू नकोस हं.’ ‘गोम आहे तशीच बरी आहे.’ मी हात लावतो आणि तिसऱ्या दिवशी ती सगळ्यांना दाखवत फिरते. शिवाय ती येणार होती. ती आल्यावर समोर ठेवायला काहीतरी हवं होतं. आणि खरं सांगायचं तर ती रेघ मला बघवत नव्हती. दातांत अडकलेल्या कणाकडे जीभ जाते, तसा हात जात होता.

मंगळवारी दुपारी मी तिची बाहेरची ओळ पुसली. मग डाव्या खांद्यावरचे, गालाच्या बाजूचे, कोपराचे काळे चौकोन पुसून राखाडी भरला. खांद्याच्या टोकाला दोन चौकोन मोकळेच सोडले.

मोठं करून काम करताना प्राणी दिसत नाही, फक्त चौकोन दिसतात. काम झाल्यावर लहान करून, डोळे किलकिले करून बघायचं असतं. तसं बघितलं आणि मला समाधान वाटलं. तो बसला होता. आधी नुसता आकार होता, आता खरोखर कुणीतरी बसलं होतं.

“डोळे जातील तुझे एक दिवस,” खुर्चीतून ताई म्हणाली.

“आहे अजून उजेड,” मी म्हणालो.

“आहे अजून उजेड!” तिने माझी नक्कल केली. “शाळेतही हेच म्हणायचास. हात धुऊन घे, चहा टाकते.”

४

गुरुवारी लवकर आलो. खिसेकासवाचं कवच अर्धवट राहिलं होतं, ते घेऊन बसलो. ताई खुर्चीत होती. मी काही विचारलं नाही, तीही बोलली नाही. मध्येच मान वर केली तेव्हा लक्षात आलं की खिडकीतल्या उजेडात तिच्या डाव्या खांद्याची कडच दिसत नव्हती. खांदा कुठे संपतो आणि ऊन कुठे सुरू होतं ते सांगता येत नव्हतं. कारागिराच्या नजरेने मी ते थोडा वेळ बघत राहिलो. असं जमलं पाहिजे, असंही मनात आलं. मग कासवाकडे वळलो.

संध्याकाळी चहा पिताना मी म्हटलं, “आज अगदी गप्प होतीस दुपारी. झोप लागली होती का खुर्चीत?”

“कोण, मी? मी गच्चीवर होते. गादीची खोळ शिवत होते. तू आलास ते वरून बघितलं की. हाक मारली, पण तू कुठला ऐकतोस.”

“मग खुर्चीत कोण होतं?”

“बघ बाबा,” ताई हसत म्हणाली. “मी दोन दोन ठिकाणी बसायला लागले असेन, तर त्या दुसरीला म्हणावं भांडी घास. नुसती ऊन खात बसू नकोस.”

मीही हसलो. खुर्चीच्या पाठीवर माझा स्वेटर होता, आणि स्वेटर खांद्यासारखाच दिसतो. तासभर बारीक चौकोन बघितलेल्या डोळ्यांना काहीही दिसेल. आमच्या लॅबमध्ये एकाला सुट्टीच्या दिवशीही माणसांच्या तोंडाकडेच बघण्याची खोड लागली आहे. तसलंच हे.

कप विसळताना एक गोष्ट मात्र आठवली. दुपारी तो स्वेटर माझ्या अंगात होता.

५

रात्री त्याचा विचार नको म्हणून टाळलं, आणि सकाळी, कामावर जायच्या आधी, तो प्राणी उघडला. का उघडला ते सांगता येत नाही. ज्याच्यामुळे कसंसं वाटतं ते एकदा नीट बघून घ्यावं, असं मला वाटतं.

डोकं सरळ नव्हतं. किंचित डावीकडे, उजेडाकडे कललं होतं. उजेडाच्या बाजूला गालाचा एक चौकोन दिसत होता.

मीच केलं असणार. गालाच्या बाजूची रेघ पुसताना एखादा चौकोन इकडचा तिकडे झाला असेल. हाताखालची चूक महिनाभराने गिऱ्हाइकाच्या तोंडात सापडते, हे मला माहीत आहे. म्हणून ठरवलं की भिंगरीच्या निरोपातली मूळ फाइल परत उतरवून घ्यायची, माझी पुसायची आणि विषय संपवायचा. दार नको म्हणाली होती, तर नको.

मूळ फाइल उतरवली. मी ती आधी कधी बदललेली असणं शक्यच नव्हतं. ती भिंगरीने पाठवली होती, निरोपात होती तशीच होती.

तिचीही डावी रेघ उघडी होती. खांद्याच्या टोकाला दोन चौकोन मोकळे.

आणि गालाचे आता दोन चौकोन दिसत होते.

६

शनिवारी भिंगरीचा फोन आला. ताई पलंगावरची चादर ओढत होती, ती हातातलं तसंच टाकून आली आणि माझ्या खांद्याशी उभी राहिली.

“सकाळच्या गाडीने येते, मामा. जेवायला पोचेन. आईला म्हणावं, उगाच घाट घालू नकोस.”

“ती ऐकतेय. घाट घालून झालाय.”

“मामा.” भिंगरी थांबली. “तू त्याला हात नाही ना लावलास?”

मी ताईकडे बघितलं. तिचा एक हात तोंडावर होता. लहान मूल गोष्टीचा शेवट ऐकताना ठेवतं तसा.

“नाही,” मी म्हणालो.

“नक्की? लावला असशील तर मी स्टॉपवरच भेटते तुम्हाला. मला राग नाही येणार. फक्त खरं सांग.”

“अगं नाही म्हटलं ना. आहे तसंच आहे.”

“बरं झालं,” ती म्हणाली, आणि तिच्या आवाजातलं काहीतरी सैल पडलं. “मला ते आठवून आठवून काढायला फार वेळ लागला. लहानपणी कधी सरळ बघितलंच नव्हतं ना. चल, ठेवते.”

ताईने डोळे पुसले. “काय विचारत होती?”

“गेमचं काहीतरी,” मी म्हणालो.

अजून वेळ आहे, हे मनाशी धरलं. ती यायच्या आत रेघ बंद करायची. मी उघडली तशी मीच बंद करणार. यात जादूटोणा नाही, चौकोन आहेत. काळे भरायचे.

७

रविवारी सकाळी ताईचं स्वयंपाकघर लवकरच उरकलं. मी टेबलाशी बसलो आणि चित्र पूर्ण मोठं केलं. आधी गालाची बाजू, मग खांदा, मग कोपर. एक ओळ झाल्यावर बाहेरून दुसरी. कोपऱ्यांत भिंगरीने भरले होते तसे जादा चौकोन. सगळं लक्ष कडेवर होतं. आतला भाग फिका दिसत होता, पण तो मी भरलेला उजेडाचा रंग असेल म्हणून तिकडे फार बघितलं नाही.

मध्ये खुर्ची करकरली. ताई येऊन बसली होती. स्टॉपवर आणायला जाईन म्हणून तिने सकाळपासून तीनदा म्हटलं होतं आणि गुडघे बघ स्वतःचे म्हणून मी तीनदा अडवलं होतं. ऐकलं म्हणायचं, असं वाटून बरं वाटलं.

“डोळे जातील तुझे एक दिवस,” ती म्हणाली.

“एवढं शेवटचं,” मी म्हणालो. “तुझी लेक यायच्या आत करायचंय.”

“गादी उन्हात टाकायला हवी.”

“टाकलीस की परवा. किती उन्हं देशील तिला?”

मी कोपराची ओळ पूर्ण केली. खांद्याच्या टोकाचे दोन चौकोन उरले होते. एक भरला.

“आहे अजून उजेड,” ती म्हणाली.

“आहे ना,” मी म्हणालो, आणि दुसरा भरला. रेघ मिटली. सगळीकडून बोट फिरवावं तशी नजर फिरवली, कुठेही फट नव्हती. खांद्यावरचं ओझं उतरलं. मग सवयीप्रमाणे चित्र लहान केलं आणि डोळे किलकिले केले.

काळी रेघ होती. गुडघे, कोपर, कललेलं डोकं, सगळ्याचा घेर अगदी बरोबर होता. आत काहीच नव्हतं.

जिन्यावर पावलं वाजली. बेल वाजली. मी उठलो, आणि दाराकडे जाताना चपलांच्या मांडणीकडे नजर गेली.

ताईच्या चपला तिथे नव्हत्या.

८

दार उघडलं तेव्हा दोघी समोर होत्या. ताई धापा टाकत होती, एका हाताने कठडा धरलेला, दुसऱ्यात भिंगरीची पिशवी. चेहरा लहान मुलीसारखा फुललेला.

“फसवलं की नाही तुला!” ती म्हणाली. “तू त्या चौकोनांत तोंड घातलंस तशी सटकले. गुडघे काही बोलले नाहीत हो आज.”

भिंगरी हसत होती. उंबऱ्याजवळ एक पाय पुढे टाकता टाकता तिने माझ्या खांद्यावरून आत बघितलं. हसू तसंच राहिलं, फक्त त्यातून ती निघून गेली.

“मामा,” ती अगदी हळू म्हणाली, “कुठल्या बाजूने उघडलंस?”

“उजेडाच्या.”

“आणि आता?”

“बंद केलं. पण…”

तिने माझं पुढचं ऐकायची वाट बघितली नाही. तिला कळलं. आईचं मनगट तिने धरलं, लहानपणी आई तिचं धरायची तसं, घट्ट.

“काय झालं? अरे, आत तर घे पोरीला!” ताई म्हणाली.

माझ्या पाठीमागे, खोलीतून, ताईच्याच आवाजात, पण या आठवड्यात मी न ऐकलेलं एक वाक्य आलं. आतापर्यंतची सगळी याच आठवड्यातली होती, हे भिंगरीच्या लहानपणचं होतं.

“आली खेकडी.”

ताईने ऐकलं. तिच्या हातून पिशवी पडली.

सकाळी मी रेघ बंद केली ती आत कोण आणि बाहेर कोण हे न बघता. या वेळी बघितलं. त्या दोघी बाहेर होत्या. भिंगरीचा पुढे टाकलेला पाय अजून उंबऱ्याच्या बाहेरच होता.

मी दार लावलं. वरची कडी, खालची कडी, साखळी. मी आतून लावलं, कारण बाहेरून लावायला मला त्याच्याकडे पाठ करून त्यांच्याबरोबर जावं लागलं असतं, आणि ते खुर्चीतून उठलं तर कुणाबरोबर आलं असतं ते मला सांगता येत नाही.

ताई बराच वेळ दार बडवत होती. “अरे, काय करतोयस? उघड ना!” मग भिंगरीचा आवाज आला, दाराला अगदी तोंड लावून.

“मामा, ऐकतोयस? ते तुला रेघेच्या आत काढावं लागेल. मी काढलं तसं. सगळं भर. एकही चौकोन सोडू नकोस. आईला मी घेऊन जाते.” आणि थोड्या वेळाने, “सरळ बघू नकोस.”

मग जिन्यावर दोघींची पावलं खाली गेली. एकीची सावकाश, दुसरीची तिच्या चालीने. ती ऐकली आणि मला बरं वाटलं. ते खरंच सांगतो.

९

मी टेबलाशी बसलो आहे. आजवर मी दुसऱ्यांनी काढलेलं सुधारत आलो, कोऱ्या जागेत स्वतः कधी काही काढलं नव्हतं. आता रेघेच्या आत काढतो आहे. पाठ भरली. मातकट राखाडी, भिंगरीच्या छटा आठवून. कोपर भरले, गुडघे भरले. जसजसं भरत जातो तसतशी खुर्चीची करकर कमी होते, असं मला वाटतं. वाटण्यावर भरवसा नाही, पण हात चालू ठेवायला तेवढं पुरतं. थकलो की हे लिहितो, आणि पुन्हा भरतो.

दिवा लावलेला नाही. दिवा उजवीकडे आहे, आणि उजेड दोन बाजूंनी आला तर दोन बाजूंच्या कडा जातील. खिडकीतलं ऊन खुर्चीच्या पायांपर्यंत उतरलं आहे. ते गेल्यावर काय होईल याचा हिशेब मी करत नाही.

आता फक्त डोकं राहिलं आहे. रेघेतलं डोकं मी सकाळी बंद केलं तसं, डावीकडे कललेलं. त्यात पाठीकडचे केस भरावेत, की गाल, की आणखी काही, हे मला इथून सांगता येत नाही. टॅबलेटवर मान खाली घालून मी इतकंच ऐकतो आहे, की ती अजून खिडकीकडे तोंड करून बोलते आहे का.

गेला काही वेळ आवाज जास्त स्पष्ट येतो आहे.

न बघता भरलं आणि एक चौकोन चुकला, तर रेघ मिटलेली असूनही ते बाहेरच राहील, आणि ताई उद्या दार फोडायला कुणाला तरी घेऊन येईल. तिला भिंगरी किती दिवस धरून ठेवणार? तिच्या लेकीचा पलंग इथे आहे, नवी चादर घातलेला.

रंग निवडून ठेवला आहे. बोट जागेवर आहे. आता एकदाच मान वर करायची, बघायचं, आणि लगेच भरायचं.

“आहे अजून उजेड,” ताईचा आवाज म्हणतो, समोरून, अगदी सरळ माझ्या तोंडावर.